मिटलेला चिमटा

ऑपरेशनला घाबरत नाही असा माणूस विरळाच. पण परतताईंची भीती जगावेगळी होती. भूल उतरेल की नाही, टाके किती पडतील, किती दिवस झोपून राहावं लागेल, यातल्या कशानेही त्यांची झोप उडाली नव्हती. त्यांच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. आपल्या पोटात जे चिमटे आणि कात्र्या जाणार, ते बांधणार कोण? आणि बांधलेलं बघणार कोण?

दुसऱ्या कोणी हा प्रश्न विचारला असता तर डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण परतताई त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या सेट रूमच्या इनचार्ज होत्या. वर थिएटरमध्ये वापरलेली हत्यारं लिफ्टने खाली त्यांच्याकडे यायची. ती धुवायची, पुसायची, सांध्यांना तेल द्यायचं, एकेका ऑपरेशनचा सेट ट्रेमध्ये मांडायचा, दुहेरी कापडात बांधायचा, वर पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मशीनमध्ये सारायचा. वाफ लागली की पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. मग तो सेट वर थिएटरच्या कपाटात जाऊन बसतो. सर्जनचं नाव दारावरच्या पाटीवर झळकतं. सेट रूमचं नाव फक्त काही बिघडलं तरच निघतं.

ताई या खोलीत आल्या तेव्हा धुण्याच्या टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या एक साध्या बाई होत्या. हाताला वळण होतं, डोळा तेज होता, आणि तोंडाने कमी बोलायच्या. आधीच्या इनचार्ज निवृत्त झाल्या आणि मेट्रननी किल्ल्यांचा जुडगा ताईंच्या हातात ठेवला. वरच्या जागेवर बसायचं, लोकांकडून काम करून घ्यायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे हे कोणालाच कोणी शिकवत नाही. चांगलं काम करणाऱ्या माणसाला उचलून खुर्चीत बसवायचं आणि उद्यापासून तू काम करू नकोस, करून घे, असं सांगायचं. मग त्याचं काय होतं ते बघायला कोणी थांबत नाही.

नव्या खुर्चीत बूड टेकतं न टेकतं तोच एक प्रकार घडला. एका सेटमधली कात्री बोथट निघाली. सर्जननी ती भिंतीवर भिरकावली आणि मेट्रननी ताईंना वरच्या पॅसेजमध्ये उभं करून, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसमोर, असं काही झापलं की ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. यापुढे आपल्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय एकही सेट मशीनमध्ये जाणार नाही.

तेव्हापासून रोजचा शिरस्ता ठरला. सकाळभर माणसं सेट बांधायची आणि ताई पलीकडच्या टेबलावर आपली कामं उरकायच्या. दुपार व्हायच्या आत त्या उठायच्या, रांगेतला पहिला सेट पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "उघडा परत." मग दुसरा. मग तिसरा. कुठे ना कुठे काहीतरी सापडायचंच, आणि बहुतेक वेळा सापडायचा तो मिटलेला चिमटा. चिमट्याच्या मुठीजवळ दाते असतात. ते एकमेकांत अडकले की चिमटा घट्ट मिटतो. तो तसा मिटलेला असला तर सांध्यात वाफ शिरत नाही. बाहेरून चकचकीत, आत जंतू जसेच्या तसे. पट्टीवरच्या रेघा काळ्याभोर, वर थिएटरमध्ये मोजदादही बरोबर, आणि कोणालाही पत्ता नाही. पत्ता लागतो तो पेशंटला, ताप भरतो तेव्हा.

असा चिमटा सापडला की ताई सगळ्यांना गोळा करायच्या, तो नाचवून दाखवायच्या, पाच-दहा मिनिटं तोंडसुख घ्यायच्या आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पण ज्या दिवशी काहीच सापडायचं नाही, त्या दिवशी खरी पंचाईत. "आज काहीच कसं नाही?" असं पुटपुटत त्या पुन्हा पहिल्या सेटपासून सुरुवात करायच्या. मशीन खोळंबायचं, सगळ्यांना घरी जायला उशीर व्हायचा, आणि ताईंच्या कपाळावरची आठी काही मोडायची नाही. परतताई हे नाव त्यांना तिथेच पडलं. ते त्यांना ठाऊकही होतं. त्यांना राग नव्हता, कारण त्यांच्या मते ती तारीफ होती.

घरीही तऱ्हा तीच. त्यांचे यजमान गॅस बंद करून आले की ताई जाऊन बघून यायच्या. बिचारे म्हणायचे, "अगं, बंद केलेला गॅस तू परत बंद करायला जातेस, त्यात एखाद्या दिवशी चालू करून येशील." पित्ताशयात खडे निघाल्याचं कळलं तेव्हाही ते म्हणाले, "कमाल आहे. घरातल्या तांदळात तू एक खडा सुटू देत नाहीस आणि पोटात एवढे साठवलेस?" ताईंना हसू आलं नाही. दुर्बिणीने जमणार नाही, पोट उघडावं लागेल, असं सर्जननी सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त ट्रे नाचत होते.

सेट रूममध्ये माणसं चार. सगळ्यांत जुन्या मावशी, ज्यांचा हात संथ पण पक्का. मशीन चालवणारा लंबू, ज्याला वरच्या फळीवरचं काढायला स्टूल लागायचं नाही. आणि दोघी जावा, एकाच घरातल्या, एकाच टेबलावर समोरासमोर बसणाऱ्या. त्यांना सगळं हॉस्पिटल थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचं. ताई या चौघांवर दिवसभर करवादायच्या, पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. कोणाचीही तक्रार वर नेली नाही. धाकटीच्या हातून एकदा अख्खा ट्रे जमिनीवर पडला तेव्हासुद्धा मेट्रनना सांगितलं की माझा धक्का लागला. माणसांनी त्यांचं बोलणं मुकाट्याने ऐकून घेतलं ते यामुळेच.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा ताईंनी मेट्रनना गळ घातली की माझा सेट मीच बांधून ठेवते. मेट्रननी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही उद्यापासून पेशंट. पेशंटने सेट रूममध्ये पाय ठेवायचा नाही. तुमच्या जागी कोण बघणार ते सांगा."

ताईंना एकही नाव सुचलं नाही. मावशी भिडस्त, लंबू धांदरट, थोरली फटकळ, धाकटी विसरभोळी. इतक्या वर्षांत आपण चौघांतल्या एकालाही कसला म्हणून निर्णय घेऊ दिला नाही, हे मेट्रनच्या टेबलासमोर उभं असताना त्यांच्या लक्षात आलं. शेवटी मेट्रननीच थोरलीचं नाव काढलं. किल्ल्या देताना ताईंनी तिला इतक्या सूचना दिल्या की ती म्हणाली, "ताई, तुम्ही ऑपरेशनला चाललात की परदेशात?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई भरती झाल्या. वॉर्डातल्या खाटेवर त्यांना एका कुशीवर स्वस्थ पडवेना. आता खाली ट्रे मांडले असतील. आता कापडं बांधत असतील. आता लंबूने मशीनचं दार लावलं असेल. लिफ्टचा आवाज आला की त्या कान टवकारायच्या. यजमान शेजारी बसून पेपर वाचत होते, त्यांना त्यांनी बळेबळे घरी जेवायला पाठवलं आणि लगेच वाटलं, उगीच पाठवलं.

दुपारी मावशी भेटायला आल्या. हातात हात घेऊन बसल्या. ताईंचा थंडगार हात त्यांना जाणवला असणार, कारण त्या म्हणाल्या, "कशाला एवढी काळजी करता? सगळे सेट वर गेले पण. आमच्या हातून चूक नाही व्हायची."

"नाही व्हायची काय, मावशी? रोज एक तरी मिटलेला चिमटा सापडतो मला."

मावशींनी दाराकडे एक नजर टाकली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की ताईंच्या मनात पाल चुकचुकली. "आता सांगायला हरकत नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही रागावू नका हं. तो चिमटा आम्ही ठेवायचो."

"ठेवायचो म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. तुम्हाला काही सापडलं नाही की तुम्ही सगळं परत उघडायचात. लंबूची बस चुकायची, या दोघींची घरची कामं राहायची. मग आम्हीच ठरवलं, ताईंसाठी एक चूक ठेवायची. सापडली की तुम्ही खूश, आम्ही मोकळे. पाळी लावलेली आमची. नवीन माणूस आलं की त्यालाही आधी तेच शिकवायचो."

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं! डोळ्यांत तेल घालून आपण जे शोधत होतो, ते आपल्यासाठी वाढून ठेवलेलं होतं. लहान मुलाशी खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात तसं हे चौघं आपल्याशी हरत होते. शरमेने त्यांचे कान तापले. त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मावशी "ताई, अहो ताई" करत राहिल्या.

आणि भिंतीकडे बघता बघता ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या उठून बसल्या.

"मावशी, आज कोणाची पाळी होती?"

"धाकटीची. पण आज कशाला ठेवेल ती? तुम्ही नाही हे माहीत..."

"कोणी सांगितलं तिला की आज ठेवायची नाही?"

मावशींचं हसू मावळलं. ताई बघत राहिल्या. कोणीच सांगितलं नव्हतं. धाकटीने आल्या दिवसापासून पाळीच्या दिवशी एक चिमटा मिटला होता. ते तिच्यासाठी हात धुण्यासारखंच झालं होतं. आणि आज ते उघडून बघणारं कोणी नव्हतं.

"थोरलीने बघितलं असेल की," मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"ती कशाला बघेल? तुमच्या हातून चूक होत नाही ना!"

मावशी पळत खाली गेल्या. त्यानंतरचा वेळ ताईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. खाटेवरून उठून त्या दारापर्यंत गेल्या, सिस्टरने परत आणून झोपवलं. पुन्हा उठल्या, पुन्हा झोपवलं. सेट वर थिएटरच्या कपाटात होते. उद्याची ऑपरेशनं उद्या, पण आत्ता या क्षणी एखादी अडलेली बाळंतीण आली तर? अपघातातला कोणी आला तर? कपाट उघडायचं, हाताला येईल तो सेट घ्यायचा, की झालं. जिन्यावर घाईची पावलं वाजली आणि ताईंचं काळीज लककन हललं. पण कोणी पेशंटचा नातेवाईक चहाचे पेले घेऊन चालला होता.

शेवटी मावशींबरोबर लंबू आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. धाकटीची वेळ संपून ती घरी गेली होती, तिला फोन लावला होता. "ती म्हणते, आठवत नाही," लंबू म्हणाला. "ठेवला असेल तर सवयीने ठेवला असेल म्हणते. रडतेय नुसती. निघालीय यायला."

"कुठल्या सेटमध्ये?"

"तेही आठवत नाही. तुमचा पण तिनेच बांधलाय, ताई."

ताईंचा हात नकळत पोटावर गेला.

मावशी खाटेच्या कडेला बसल्या आणि अजिजीने म्हणाल्या, "आम्ही गुपचूप बघून येतो. मेट्रन मॅडमना कळायला नको. चौघांच्या नोकऱ्या जातील हो."

पण गुपचूप होण्यासारखं ते नव्हतंच, हे ताईंना त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. थिएटरच्या कपाटाची किल्ली तिथल्या सिस्टरकडे. एकदा गेलेला सेट मेट्रनच्या हुकमाशिवाय खाली येत नाही. आणि एक उघडायचा तर सगळेच उघडायचे, सगळेच परत बांधायचे, सगळ्यांना परत वाफ द्यायची. मूग गिळून बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित तो चिमटा नाहीच. असला तर एवढ्या सेटमधल्या एकात, आणि त्यातूनही वापरला जाईल तेव्हा. ताईंनी हा हिशेब करून बघितला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. ज्यांची कागाळी कधी केली नाही, त्या माणसांची नावं आता आपल्याच तोंडून वर जाणार, या विचाराने त्यांना रडू फुटलं. रडत रडतच त्या लंबूला म्हणाल्या, "जा. मॅडमना बोलाव. म्हणावं, ताईंनी बोलावलंय."

मेट्रन आल्या. ताईंनी सगळं सांगितलं. पाळी, चिमटा, धाकटी, काही लपवलं नाही. आणि मग म्हणाल्या, "यांना शिक्षा करायची तर आधी मला करा. चूक सापडल्याशिवाय मी यांना घरी जाऊ देत नव्हते. त्यांनी करून दाखवली. कोणीही दाखवली असती."

मेट्रनचा चेहरा दगडासारखा झाला होता. "याची चौकशी होणार," त्या म्हणाल्या. "तुमचीसुद्धा. बऱ्या झालात की." एवढं बोलून त्या वळल्या आणि जाता जाताच थिएटरच्या सिस्टरला फोन लावला की कपाटाला हात लावू नका, तातडीची केस आली तर शेजारच्या हॉस्पिटलातून सेट मागवा.

सगळे सेट खाली गेले. ताई मात्र वरच. लिफ्टचं दार परत परत वाजत होतं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पसरलेली कापडं येत होती. कोण बघतंय? नीट बघतंय ना? सांध्याजवळ बोट लावून बघतंय की नुसती नजर फिरवतंय? यजमान परत आले, त्यांना काय झालंय ते कळेना, ते ताईंचे तळपाय चोळत बसले. "होईल सगळं नीट," ते म्हणाले. "कशावरून?" ताईंनी विचारलं. ते आणखी जोराने चोळू लागले.

उन्हं कलली तेव्हा दोघी जावा वॉर्डात आल्या. थोरली पुढे, धाकटी तिच्या मागे, डोळे सुजलेले.

"सापडला," थोरली म्हणाली. "बाळंतपणाच्या सेटमध्ये."

ताईंनी डोळे मिटले. बाळंतपणाच्या सेटमध्ये. म्हणजे कदाचित आज संध्याकाळीच कोणावर तरी वापरला गेला असता.

"तुमचा नीट होता, ताई," धाकटी हुंदके देत म्हणाली. "तुमचा मी एवढा जीव लावून बांधला. तीनदा बघितला. तो झाला आणि मग हात सैलच पडले. पुढचा कधी बांधला, कसा बांधला, काही आठवत नाही मला."

ताईंच्या तोंडावर नेहमीची सरबत्ती आली होती. लक्ष कुठे असतं, डोळे आहेत की कवड्या, सगळं. पण समोर उभ्या असलेल्या पोरीचे ओठ पांढरे पडले होते, आणि ती सरबत्ती घशातच विरघळली. "शोधला कोणी?" त्यांनी विचारलं.

"हिनेच," थोरली म्हणाली. "आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. सगळे सेट एकटीने उघडले." मग ती जरा घुटमळली. "ताई, तुमचाही उघडलाय. आता सगळे परत बांधायचेत. तुमचा मावशींना देऊ का?"

मावशींचा हात पक्का होता. ताईंना ते ठाऊक होतं. त्यांनी धाकटीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती, आपल्याला आता सेट रूममध्ये कोणी कशाला हात लावू देणार नाही हे तिने गृहीतच धरलं होतं.

"धाकटीला दे," ताई म्हणाल्या.

"नको, ताई!" धाकटी दचकून म्हणाली. "माझे हात थरथरतायत."

"थरथरू देत. तूच बांध."

यजमानांचे तळपायावरचे हात थांबले. थोरलीने विचारलं, "आणि तिचा बांधून झाला की मी उघडून बघायचा का?"

हो, बघ, दोनदा बघ, असं ताईंच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं. पोट त्यांचं होतं. उद्या त्या टेबलावर आडव्या पडणार होत्या आणि त्यांना काहीही दिसणार नव्हतं. त्यांनी चादरीची कड मुठीत घट्ट धरली.

"इनचार्ज तू आहेस," त्या म्हणाल्या. "तू ठरव."

थोरलीने खरोखरच विचार केला. हे तिला कोणी आजवर सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिला वेळ लागला. ताईंना तो वेळ फार लांब वाटला.

"उघडून नाही बघणार," ती शेवटी म्हणाली. "ती बांधेल तेव्हा मी शेजारी उभी राहीन."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत पलीकडच्या टेबलावरून उठून, बांधणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं, हे त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

दोघी जावा वळल्या आणि चालू लागल्या. ताई खाटेवर अर्धवट उठून बसल्या आणि यजमानांनी घाबरून सिस्टरला हाक मारली. दारापाशी पोचेपर्यंत थोरलीला थांबवता आलं असतं. ताईंनी तिला थांबवलं नाही.